देवीच्या पायाखालचा रेडा

नवरात्र जवळ आलं की दोन प्रकारचे लेख हमखास वाचायला मिळतात. पहिल्यात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात. दुसऱ्यात "महिषासुर म्हणजे आपल्यातले विकार आणि देवी म्हणजे आपल्यातली शक्ती" असं एका वाक्यात सांगून विषय संपवलेला असतो. रंगांबद्दल मला फारसं कळत नाही, तो प्रांत जाणकारांना सोडतो. पण त्या दुसऱ्या वाक्यापाशी मी दरवर्षी अडखळतो. वाक्य चुकीचं आहे असं नाही. पण ते इतकं गुळगुळीत झालंय की कोणाला लागतच नाही. विकार म्हणजे नक्की कोणते? ते रेड्याच्याच रूपात का? आणि राग मारायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

म्हणून यंदा या रेड्याचाच माग काढायचा ठरवलं. जुनी पुस्तकं चाळली, लेण्यांमधल्या मूर्तींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. लेख जरा लांबलाय, तेव्हा मंडळी, चहा घेऊनच बसा.

दोन दुःखी माणसं

महिषासुराची आपल्या ओळखीची कथा येते ती मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात. आपण त्यालाच सप्तशती म्हणतो. अभ्यासक त्याचा काळ साधारण पाचवं-सहावं शतक मानतात. गंमत म्हणजे घरोघरी पाठ होत असूनही या पोथीची सुरुवात फार कमी लोकांच्या लक्षात असते. ती युद्धाने होत नाही. ती होते जंगलात भेटलेल्या दोन दुःखी माणसांपासून.

एक आहे सुरथ राजा. शत्रूंनी राज्य घेतलं, स्वतःच्याच मंत्र्यांनी खजिना लुटला, आणि हा शिकारीचं निमित्त करून एकटाच घोड्यावर बसून रानात निघून आला. दुसरा समाधी नावाचा वैश्य. चांगला श्रीमंत, पण पैशाच्या लोभाने बायकोमुलांनी घराबाहेर काढलेला. दोघे मेधस् ऋषींच्या आश्रमापाशी भेटतात. आणि दोघांना काय काळजी असावी? राजाला काळजी, की आपला लाडका हत्ती आता शत्रूच्या ताब्यात आहे, त्याची आबाळ होत असेल. वैश्याला काळजी, की ज्यांनी हाकलून दिलं ती मुलं सुखरूप असतील ना!

दोघेही बुद्धिमान. आपलं हे झुरणं निरर्थक आहे हे दोघांनाही कळतंय. मग ते ऋषींना विचारतात, की आम्हाला समजतं, तरी आमचं मन का ऐकत नाही?

हा प्रश्न दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे यावर माझा पटकन विश्वास बसेना. रात्री अकरा वाजता भावाशी फोनवर भांडून, "मला कळत होतं रे, पण तोंडातून निघून गेलं" असं म्हणणारा माणूस हाच प्रश्न विचारत असतो.

ऋषींचं उत्तर तर आणखी मजेशीर आहे. ते म्हणतात, की तुम्ही ज्याला 'समजणं' म्हणताय ते पशुपक्ष्यांनाही असतं. त्या पक्ष्यांकडे बघा, स्वतः भुकेने व्याकूळ आहेत आणि तरी चोचीतला दाणा पिल्लांच्या तोंडात घालताहेत. माणसंही मुलांवर जीव लावतात, पण पुढे कधीतरी परतफेड होईल अशी आशा धरून. म्हणजे तुलनेत पक्षीच वरचढ ठरला की! पशू म्हणजे वाईट आणि माणूस म्हणजे चांगला, अशी सोपी वाटणी या पोथीने पहिल्याच अध्यायात मोडून टाकली आहे. महिषासुर येतो तो यानंतर.

रेड्याचा माणूस कसा झाला

आता मूर्तींकडे वळू. महिषासुराला मारण्याचं श्रेय सगळीकडे देवीलाच नाही. महाभारताच्या वनपर्वात त्याला मारतो तो स्कंद, म्हणजे कार्तिकेय. पण देवी आणि रेडा ही जोडीही जुनी आहे. मथुरेला कुशाण काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या लहान लहान मूर्ती सापडल्या आहेत. त्यांत देवी रेड्याला हातांनी दाबून धरते. रेडा पूर्णपणे रेडाच आहे. त्यात माणसाचं काही नाही.

मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयगिरीची लेणी आहेत. तिथल्या सहाव्या लेण्यात गुप्त संवत ८२ चा, म्हणजे इसवी सन ४०१-०२ चा शिलालेख आहे. तिथल्या देवीला बारा हात आहेत. तिने रेड्याच्या डोक्यावर पाय रोवलाय आणि त्याचा मागचा भाग उचलून धरलाय. रेडा इथेही जनावरच.

आणि मग सातव्या शतकात, पल्लवांच्या महाबलीपुरमला काहीतरी बदलतं. तिथल्या महिषासुरमर्दिनी मंडपातलं शिल्प बऱ्याच जणांनी सहलीत पाहिलं असेल. सिंहावर बसलेली अष्टभुजा देवी धनुष्य ओढून पुढे येते आहे आणि समोर भलामोठा महिषासुर आहे. अंग माणसाचं, डोकं रेड्याचं. हातात गदा आहे, अजून पडलेला नाही, पण मागे झुकलाय. समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू निवांत झोपलाय आणि त्याच्यावर चालून आलेले मधु-कैटभ आहेत. म्हणजे देवीमाहात्म्यातली पहिली आणि दुसरी गोष्ट समोरासमोर!

आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात, आठव्या शतकात, तो आणखी पुढे सरकतो. इथे महिष जवळजवळ पूर्ण माणूस आहे. फक्त डोक्याला शिंगं शिल्लक आहेत. आणि नंतरच्या काळात, विशेषतः पूर्व भारतात, जी पद्धत रूढ झाली ती आजही बंगालच्या मातीच्या मूर्तींत दिसते. रेड्याचं मुंडकं उडालेलं आणि त्या धडातून एक माणूस बाहेर येताना.

ही सरळ रेषेत झालेली प्रगती नव्हे, हे सांगायला हवं. जुन्या आणि नव्या पद्धती अनेक ठिकाणी बरोबरीने चालू राहिल्या. पण फोटो ओळीने लावले की एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. रेड्याचा हळूहळू माणूस झाला. पहिल्या शिल्पांत देवी एका जनावराशी झुंजते आहे. शेवटच्या शिल्पांत जनावराच्या कातड्याआड लपलेल्या माणसाशी. आपण म्हणतो "माणसातला पशू", पण शिल्पकारांनी दाखवला तो पशूतला माणूस.

रूपं बदलणारा

पोथीतलं युद्धही असंच आहे. महिष आधी रेड्याच्या रूपात धुमाकूळ घालतो. देवी पाश टाकून त्याला बांधते, तर तो रेड्याचं रूप टाकून सिंह होतो. सिंहाचं डोकं उडवणार तोच हातात तलवार घेतलेला माणूस होतो. बाणांनी त्याला घेरलं की हत्ती होतो. सोंड कापली की पुन्हा रेडा! शेवटी देवी उडी मारून त्याच्या मानेवर पाय देते, शूल रोवते आणि तो रेड्याच्या तोंडातून आपल्या खऱ्या रूपात अर्धा बाहेर येतो. त्या अर्ध्या अवस्थेतच त्याचा शेवट होतो.

हे वाचताना मला षड्रिपूंची आठवण झाली. राग हा क्वचितच रागाच्या रूपात पकडला जातो. पकडायला जावं तर तो "मी तत्त्वासाठी बोललो" होतो. तिथे धरलं तर "माझा स्वभावच स्पष्ट आहे" होतो. तेही कापलं तर "तुमच्याचसाठी बोलतो ना!" अशी माया होऊन समोर उभा राहतो. आणि सगळे उपाय हरले की पुन्हा सरळ आरडाओरडा. मत्सराचं तर विचारूच नका, तो नेहमी न्यायाधीशाचा कोट घालूनच येतो. म्हणून त्या युद्धातला निर्णायक क्षण मला तलवारीचा वाटत नाही. तो खऱ्या रूपात बाहेर येतो तो क्षण निर्णायक आहे. एकदा ओळख पटली की पुढचं काम त्या मानाने सोपं.

कौटिल्याची यादी

षड्रिपूंचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती थोडी वेगळी आहे. हा ग्रंथ शतकानुशतकं अभ्यासकांच्या नजरेआड होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनी हस्तलिखितावरून तो १९०९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची तीन भागांतली आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात काढली. (म्हैसूर हे नावही महिषावरूनच आलेलं मानतात. योगायोग!)

त्यात राजाच्या शिक्षणाच्या भागात इंद्रियजयाचं प्रकरण आहे. तिथले सहा शत्रू म्हणजे काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष. मोह आणि मत्सर नाहीत. त्यांच्या जागी मान, म्हणजे ताठा, आणि चक्क हर्ष! आनंद हा शत्रू कसा, असं वाटेल. पण कौटिल्य पुढे उदाहरणं देतो. ताठ्याने रावण गेला, कारण दुसऱ्याची बायको परत देईना. ताठ्यानेच दुर्योधन गेला, कारण राज्याचा वाटा देईना. लोभाचं उदाहरण पुरूरव्याचं, चारी वर्णांना पिळून पैसा काढणाऱ्या राजाचं. आणि हर्षाची उदाहरणं दोन. अगस्त्याच्या वाटेला गेलेला वातापी आणि द्वैपायन ऋषींची कळ काढणारा वृष्णींचा संघ. म्हणजे इथला हर्ष म्हणजे आपण साधा आनंद म्हणतो तो नव्हे. उन्मादात, मस्करीच्या भरात दुसऱ्याचा अंत पाहणं म्हणजे हर्ष. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत, मित्रांच्या टोळक्यात जे कधी कधी होतं, तेच.

मला यात आवडलं ते असं, की कौटिल्य काही साधुसंत नव्हे. त्याला मोक्षाशी देणंघेणं नाही. तो राज्य चालवण्याचा ग्रंथ लिहितोय. तरीही सैन्य, कर, हेर या सगळ्याच्या आधी तो राजाला सांगतो, की आधी स्वतःकडे बघ. बलाढ्य राजेही शत्रूने मारायच्या आधी स्वतःच्या स्वभावाने मेले. आणि त्यासाठी तो पुराणकथांचाच आधार घेतो, जणू त्या राजांच्या केस फाइली आहेत.

याहून जुनी उपमा कठोपनिषदातली. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. तिथे घोडे मारा असं कुठेच म्हटलेलं नाही. घोडे मेले तर रथ जायचा कुठे? प्रश्न फक्त लगामाचा आहे.

आपल्याकडचे तीन रेडे

मग देवीने रेडा मारला तो कशाला, असं कोणी विचारेल. इथे आपला महाराष्ट्र कामाला येतो. कारण आपल्याकडे रेडा एक नाही, निदान तीन आहेत.

पहिला ओळखीचा. तुळजापूरची भवानी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत, आणि गडावर पायऱ्या सुरू होतात तिथेच महिषासुराचं स्थान आहे, रेड्याच्या मस्तकाचं. भक्त आधी त्याच्यापाशी थांबतात, मग वर देवीकडे जातात. मेलेल्या शत्रूला उंबऱ्यावर जागा दिलेली आहे.

दुसरा रेडा म्हणजे म्हसोबा. गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला. दामोदर धर्मानंद कोसंबी, व्यवसायाने गणिती, पुण्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरून या देवांची नोंद करत होते. त्यांच्या १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या पुस्तकात हा म्हसोबा भेटतो. एका ठिकाणी देवी त्याला मारते, आणि दुसरीकडे तोच तिचा नवरा म्हणून शेजारी बसतो! कोसंबींच्या मते यामागे वेगवेगळ्या समाजांच्या एकत्र येण्याचा इतिहास आहे. पशुपालकांचे देव आणि रानातून अन्न गोळा करणाऱ्यांच्या देवी कुठे भांडल्या, कुठे त्यांचं लग्न लागलं.

तिसरा रेडा ज्ञानेश्वरांचा. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले ही कथा सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक तपशील मात्र पटकन विसरला जातो. परंपरा सांगते, की रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले तेव्हा वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. रेड्याला समाधी! दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

मारलेला रेडा, शेंदूर लावलेला रेडा आणि वेद म्हणणारा रेडा. तिन्ही एकाच मातीतले. मला वाटतं आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं, की अंगातल्या त्या आडदांड ताकदीशी एकाच प्रकारे वागून चालत नाही. ती माजली तर मानेवर पाय द्यावा लागतो. एरवी तिला वेशीवर बसवून राखण करून घेता येते. आणि एखाद्याच्या मायेचा हात पाठीवर पडला तर तिच्या तोंडून वेदही निघतात. समर्थांनी मनासाठी २०५ श्लोक लिहिले, त्यातही मनाला शिव्या घातलेल्या नाहीत. एखाद्या भल्या माणसाला समजवावं तसं समजावलंय.

बोट कुठे वळतं

आता थोडं कडू. या कथेचा अर्थ आत वळवला तर ती आरसा होते. बाहेर वळवला की हत्यार. झारखंडमध्ये असुर नावाची एक आदिवासी जमात आहे. लोखंड वितळवणं हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्यातले अनेक जण महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेचे दिवस शोकाचे म्हणून पाळतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. आपण ज्याला विकाराचं प्रतीक म्हणून मोकळे होतो, तो कोणाचा तरी आजा आहे.

याने आपली देवी खोटी ठरते असं मला वाटत नाही. आपणही बळीला पाताळात घालवणाऱ्या वामनाची पूजा करतो आणि दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतो. एवढं पोट आपल्या परंपरेला आहे. पण एक सावधगिरी मात्र यातून घ्यावी. "असुर" हा शब्द दुसऱ्या कोणासाठी वापरायचा मोह झाला, की समजावं आपल्यातल्या महिषाने रूप बदललं.

पूर्वी कित्येक गावांत दसऱ्याला रेड्याचा बळी देत. एका भाचीने मला विचारलं होतं, "मामा, त्या रेड्याने काय केलं होतं?" उत्तर नव्हतं. बाहेरचा रेडा कापला की आतला गेला असं वाटायला लागतं, हीच त्यातली अडचण.

आणि हे लांबचं वाटत असेल तर आपल्या घरातलं बघू. जवळजवळ प्रत्येक नातलगांच्या गोतावळ्यात एक वाक्य असतं, "आमचं घराणंच तापट." ते म्हणताना आवाजात थोडा अभिमानही असतो. आजोबांनी ताट कसं भिरकावलं होतं याच्या गोष्टी लग्नाकार्यात हसत हसत सांगितल्या जातात. ते ताट ज्या बाईने मुकाट्याने उचललं तिची बाजू त्या गोष्टीत कधी येत नाही. राग असा वाडवडिलांच्या नावाखाली लपला की त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. कातडं रेड्याचं, आत माणूस. आणि तो माणूस वारशाने येत नाही, आपण रोज नव्याने त्याला आत ठेवतो.

शेवट काय झाला

सुरथ आणि समाधी यांचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. सगळी कथा ऐकून ते दोघे नदीकाठी गेले. स्वतःच्या हातांनी मातीची देवी केली आणि तीन वर्षं आराधना केली. पोथी सांगते, की त्यांनी जो बळी दिला तो स्वतःच्या अंगातल्या रक्ताने शिंपलेला होता. रेड्याच्या नव्हे.

देवी प्रसन्न झाली तेव्हा राजाने गेलेलं राज्य मागितलं. वैश्याने मागितलं असं ज्ञान, ज्याने "मी" आणि "माझं" सुटेल. देवीने दोघांनाही हवं ते दिलं. राजाला कमी लेखलं नाही. मला हे फार माणसाळलेलं वाटतं. सगळ्यांनीच विरक्त व्हावं अशी अट नाही. राज्य करायचं असेल तर करा, संसार करायचा असेल तर करा. पण त्याआधी दोघांनीही ती तीन वर्षं नदीकाठी काढली, आपण का झुरतो या प्रश्नापाशी बसून.

आपल्याला तीन वर्षं कोण देणार! नऊ दिवस मिळतात. घट बसले की रोज संध्याकाळी पाच मिनिटं, आज तो कोणत्या रूपात आला होता एवढंच आठवून पाहायचं. सिंह, हत्ती, की तलवार घेतलेला माणूस? मी यंदा करून बघणार आहे. तुमच्याकडे म्हसोबाच्या, गावदेवीच्या काही कथा असतील तर जरूर कळवा. काका-आत्या मंडळींनी विशेष मनावर घ्यावं, गावाकडच्या गोष्टी तुमच्याइतक्या कोणाला ठाऊक नाहीत. आणि ताटाच्या गोष्टीतली आजीची बाजू कोणाला माहीत असेल तर तीही सांगा.

असो. नवरात्राच्या शुभेच्छा!